दोन पावलं चालून दाखव

फोन ऑफिसात आला तेव्हा मी नुकता डबा उघडला होता. तोंडलीची भाजी होती, आणि ती सकाळी नानांनीच चिरून दिली होती, एकसारख्या पातळ चकत्या. साहेबांच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या शिपायाने हाक मारली, "बाई, तुमच्या बिल्डिंगमधून फोन आहे." तळमजल्यावरच्या शहा भाभी होत्या. आमच्याकडे फोन नाही, त्यामुळे घरची बरी-वाईट बातमी त्यांच्याच तोंडून यायची. "सुलभाबेन, नानाजींना चक्कर आली. गोराईच्या जेटीवर. तुम्ही निघा." मी विचारलं, "आणि मुक्ता?" तर म्हणाल्या, "मुक्ता माझ्याकडे आहे, खेळते आहे. तुम्ही निघा ना..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मला कळायचं ते कळलं. बोरिवलीच्या हॉस्पिटलात पोचले तर सुरेश, माझा नवरा, बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या मांडीवर नानांच्या चपला होत्या.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला रडू कमी आणि राग जास्त येत होता. मे महिन्यातलं बाराचं ऊन, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, सहा वर्षांच्या नातीला शेजारी ठेवून "तासाभरात येतो" म्हणून निघतो काय आणि सापडतो कुठे, तर गोराईच्या जेटीवर! तिथे आमचं कुणी ओळखीचं ना पाळखीचं. पलीकडे जाणाऱ्या होडीची वाट बघत ते उन्हात उभे होते, हातात कापडी पिशवी होती, एवढंच तिथल्या लोकांनी सुरेशला सांगितलं. पिशवी मात्र मिळाली नाही. गर्दीत कुणीतरी लांबवली असेल, असं आम्ही धरून चाललो.

नाना मालवणकडून मुंबईत आले आणि बुटांच्या एका कंपनीच्या अंधेरीच्या दुकानात सेल्समन म्हणून चिकटले. निवृत्त झाले तेव्हा त्याच दुकानाचे मॅनेजर होते. मॅनेजरने काउंटरमागे पंख्याखाली बसायचं असतं, पण नानांचा जीव तिथे रमत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की हे आपलं बुटकं लाकडी स्टूल ओढून त्याच्या पायाशी हजर. गावाकडचे नातेवाईक टोमणे मारत, "मॅनेजर झालास तरी लोकांच्या पायाशीच बसतंस मां?" त्यावर नाना शांतपणे विचारत, "तुमी देवळात जावन खंय बसतास?" बुटांच्या बाबतीत त्यांचे तीन नियम होते आणि ते आम्हाला घरी इतक्यांदा ऐकावे लागत की पाठ झाले होते. एक, पायाकडे बघून बूट काढायचा, कपड्यांकडे बघून नाही. दोन, गिऱ्हाईकाने मान फिरवली की डबा बंद करायचा, गळ्यात मारलेला बूट चावतो. आणि तिसरा, बसल्या बसल्या कुठलाही बूट बरा वाटतो, तेव्हा पैसे घेण्याआधी म्हणायचं, "दोन पावलं चालून दाखवा."

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या दोन्हीकडच्या घरांत अजून सांगतात. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि आईने डोळ्याने खुणावलं तशी मी नानांना नमस्कार करायला त्यांच्या खुर्चीसमोर गेले. आता समोर कुणी येऊन उभं राहिलं की या माणसाला तीस वर्षांची सवय! मी वाकले आणि त्याच क्षणी नानाही माझ्या पायांकडे वाकले. अशी टक्कर झाली की मला डोळ्यांपुढे काजवे दिसले. माझ्या वडिलांचा चेहरा पडला. मुलाच्या बापाचं डोकं फोडणारी मुलगी कोण करून घेणार? नाना कपाळ चोळत म्हणाले, "थांब थांब, अजून एकदा आपटूया, नाहीतर शिंगं येतील." आणि खरोखरच त्यांनी माझ्या डोक्याला हलकेच डोकं लावलं. सगळे हसले. जाताना दारात ते आईला म्हणाले, "मुलीचा पाय पाच नंबर. डावा किंचित मोठा. दुकानातून चपला पाठवतो." लग्न ठरल्याचं त्यांनी ते असं सांगितलं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्या घरात मला वळण लावलं, लाडावलं आणि चिडवलं ते सगळं नानांनीच.

मुक्ता चौदा महिन्यांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. पोलिओ. पुढे मालिश, व्यायाम, डॉक्टर यांनी पायात पुष्कळ जीव आला, तरी तो बारीक राहिला, थोडा आखूड राहिला आणि पाऊल उजव्यापेक्षा दोन नंबर लहान. डॉक्टर सांगायचे की नीट बसणारा बूट घाला आणि तिला चालवा. मी ऐकून घ्यायची आणि दवाखान्यातून बाहेर पडताच तिला कडेवर घ्यायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चढताना कडेवर, उतरताना कडेवर, बाजारात कडेवर. लोक म्हणत, किती करते पोरीचं. खरं कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते. ती कडेवर असली की तिचा पाय पदराखाली झाकता येत असे.

नाना निवृत्त झाले तेव्हा मुक्ता दोन वर्षांची होती. दुकानाने समारंभ करून भिंतीवरचं घड्याळ दिलं. नाना म्हणाले, "घड्याळ राहू द्या, ते स्टूल द्या." समोरच्या बाजूला उतरती फळी असलेलं, गिऱ्हाईकांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेलं ते स्टूल घेऊन ते रिक्षाने घरी आले आणि ते दाराशी, चपलांच्या फळीजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना एकच गिऱ्हाईक उरलं. रोज सकाळी मुक्ताला खुर्चीत बसवून नाना स्टुलावर बसत, तिची दोन्ही पावलं पुसत, दोन वेगवेगळ्या नंबरांचे बूट चढवत, डाव्या बुटाला स्टेशनजवळच्या चांभाराकडून जाड तळ लावून घेतलेला असे, अंगठ्यापुढे किती जागा उरली ते दाबून बघत आणि अगदी दुकानातल्यासारखं म्हणत, "हां मॅडम, दोन पावलं चालून दाखव." सुरुवातीला ती दोन पावलांत बसकण मारायची. नाना टाळ्या वाजवायचे. मला ते बघवायचं नाही, मी स्वयंपाकघरात जायची.

मग त्यांनी जिन्यात दुकान काढलं. आमचं दार म्हणजे 'मुलांचा विभाग', दुसरा मजला 'लेडीज', पहिला 'जेंट्स' आणि तळमजल्यावर शहा भाभींचं दार म्हणजे 'कॅश'. नाना स्टूल घेऊन एक मजला खाली जाऊन बसायचे आणि ओरडायचे, "लेडीजमध्ये नवीन माल आला होऽ!" मग मुक्ता कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, तो नवीन माल बघायला उतरायची. माल म्हणजे कधी बोर, कधी रिकामा डबा, कधी एखादं चिंचेचं बोटुक. सगळी खरेदी झाली की 'कॅश'ला शहा भाभी खाकऱ्याचा तुकडा द्यायच्या. हे सगळं मी ऑफिसला गेल्यावर चालायचं, मला त्याचा पत्ताच नव्हता.

एक दिवस मी डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये मुक्ता पायरीवर पडलेली, गुडघा फुटलेला, रडतेय. आणि तिच्या चार पायऱ्या खाली नाना स्टुलावर बसलेले. बसलेले! हात पुढे केलेले, पण उठले नव्हते. "ऊठ गो बाय, ऊठ, मी हंयच आसंय," म्हणत होते. माझं डोकं फिरलं. मी तिला उचललं आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक नाही, नाना! माझी मुलगी आहे ती!" सासऱ्यांशी मी तशी कधीच बोलले नव्हते. नानांनी स्टूल उचललं. "गिऱ्हाईक असती तर मीच उचलून दिली असती, सुलभा," ते हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक काय, एका दिवसाचं..." आणि माझ्या मागून, एकेक पायरी, वर आले. त्यानंतरही मी ऑफिसला गेले की दुकान उघडायचं. मला ते कळायचं, आणि मी कळत नसल्यासारखं करायची. आमच्यात एवढाच तह झाला.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे. नाना बाजारातून बोंबील घेऊन आले होते, चेहरा खुललेला. म्हणाले, "सुलभा, आज बाजारात एक मुलगी बघितली, आपल्या मुक्तासारखीच. फक्त तिचा उजवा..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "नाना, माझ्या मुलीला तसल्यांच्या रांगेत बसवू नका." बस, एवढंच बोलले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, "बरं," म्हणाले आणि बोंबलांची पिशवी मोरीत नेऊन ठेवली. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मुक्ताचे बूट दरवर्षी नाना आणत. एक मोठा, एक लहान, दोन्ही कोरे, दोन्ही एकाच बनावटीचे. दोन वेगळ्या नंबरांचे बूट कोण विकतं, त्यांच्या जोडीचे उरलेले दोन कुठे जातात, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मॅनेजर होते, असेल जुनी ओळख, असं मी धरून चालले होते. यंदा जूनमध्ये मुक्ता पहिलीत जाणार होती. शाळा आमच्या गल्लीच्या टोकाला, पण मी ठरवलं होतं की जिना कडेवर उतरायचा आणि फाटकापर्यंत रिक्षा करायची. नानांनी ठरवलं होतं ते वेगळंच. मुक्ताच्या समोर, मुद्दाम मला ऐकू जाईल असं ते म्हणाले होते, "जूनात चेडू आपल्या पायांनी शाळेत जातला." आणि मुक्ताने मान उडवून सांगितलं होतं, "कडेवर बाळं जातात."

आणि मेच्या मध्यावर नाना गेले. मुक्ता रडली नाही. ती जिना उतरायचीच बंद झाली. मागच्या वर्षीचे बूट लहान झाले होते, अंगठा टोचत होता. मी नवीन आणायला अंधेरीच्या त्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, एकेक बूट आम्ही कसा विकणार? नानासाहेब तर दरवर्षी दोन पूर्ण जोड न्यायचे." मग उरलेल्या दोन बुटांचं ते काय करायचे? त्यालाही ठाऊक नव्हतं. मी तिथल्या खुर्चीत बसले ती उठेचना. दोन जोड मलाही घेता आले असते. पण ते घेतले तरी मुक्ताच्या पायात चढवणार कोण, तिला चालवणार कोण? मी तशीच परत आले आणि मुक्ताला म्हणाले, "आपण रिक्षाने जाऊ हां शाळेत." ती म्हणाली, "मला शाळेतच जायचं नाही."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात नऊवारी नेसलेली, मासळीची पाटी कमरेवर धरलेली एक बाई, आणि तिच्या मागे फ्रॉकमधली, मुक्ताच्याच वयाची मुलगी. "नाना हितंच रेत होते ना, बाय?" ती म्हणाली. "मी फिलोमिना. गोराईची. बाजारात इचारत इचारत आयलू." मी आत बोलावलं तर म्हणाली, नको, हाताला मासळीचा वास आहे. आणि तिने पाटीतून कापडी पिशवी काढली. नानांची पिशवी. "आमच्या होरीवाल्यानं मना दिली. त्याला ठावं होतं, नाना आमच्याकडंच येतान. रीटाचे मी काढून घेतले, हे तुमच्या पोरीचे." पिशवीत दोन काळे बूट होते. एक मोठा, उजवा. एक लहान, डावा.

मी रीटाच्या पायांकडे पाहिलं. तिचं उजवं पाऊल लहान होतं. तीन वर्षांपूर्वी, फिलोमिना सांगत होती, हे गृहस्थ बाजारात तिच्यापुढे बोंबील घ्यायला थांबले आणि बोंबील बघायचे सोडून शेजारी बसलेल्या पोरीच्या पायाकडे बघत राहिले. मग तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि वितीने माप घेतलं. "मना वाटला, म्हातारा येडा हाय." तेव्हापासून दर मेमध्ये नाना होडीने पलीकडे जायचे, रीटाला अंगणात बूट घालायचे, बोटाने दाबून बघायचे, दोन पावलं चालून दाखव म्हणायचे, आणि उरलेले दोन बूट घेऊन परत यायचे. दोन पूर्ण जोड, चार पाय, एकही बूट वाया नाही. मी नानांच्या स्टुलावरच बसले. "मी इचारलं व्हतं त्यांना," फिलोमिना म्हणाली, "तुमची सून कवा येल आमच्याकडं? तर बोलले, येल. तिच्या येळेला येल, घाई नाय करायची."

म्हणजे मी मान फिरवली होती, आणि नानांनी डबा बंद केला होता. माझ्या एका वाक्यासाठी तो माणूस तीन वर्षं चोरासारखा गोराईला जात राहिला, आणि त्याच वाटेवर उन्हात पडला. हे माझ्या मनातून कधी जाणार नाही, आणि जाऊही नये... मी रडत होते तेवढ्यात खोलीतून मुक्ता आली, भिंत धरून. तिने नव्या मुलीचं तोंड बघितलंच नाही, आजोबांच्या तालमीतली, थेट पायच बघितले. "आई, हिचा उजवा!" ती म्हणाली, जणू हरवलेलं काहीतरी सापडलं होतं. थोड्या वेळाने दोघी जमिनीवर पाय पसरून शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि तळवे जुळवून बघत होत्या. फिलोमिनाला मी हाताला धरून आत घेतलं. चहा झाला. निघताना रीटा जिन्यात कठडा धरून उतरायला लागली, तर मागून मुक्ता ओरडली, "अगं, ते लेडीज आहे, तिथे थांबायचं असतं!" आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदाच ती एक मजला उतरली. संध्याकाळी मी डावा बूट घेऊन स्टेशनजवळच्या चांभाराकडे गेले. त्याने बूट हातात घेतला आणि मी काही सांगायच्या आतच तळाला किती जाडी लावायची ते सांगितलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुक्ताला खुर्चीत बसवलं आणि स्टुलावर बसले. ते इतकं बुटकं आहे की गुडघे हनुवटीपर्यंत येतात. तिची पावलं मी इतकी वर्षं धुतली होती, पुसली होती, झाकली होती. इतक्या जवळून, इतका वेळ बघितली मात्र त्या दिवशी. डावा बूट चढवला, उजवा चढवला, नाड्या बांधल्या. "दोन पावलं चालून दाखव," मी म्हणाले. तिने चालून दाखवलं. नानांच्या फोटोला हात जोडले आणि मला नमस्कार करायला आली. ती वाकली आणि मी त्याच क्षणी अंगठ्यापुढची जागा दाबून बघायला वाकले. फाडकन टक्कर! कपाळ चोळत मी उठतेय तोवर तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "थांब आई, अजून एकदा. नाहीतर शिंगं येतील."

मग तिने दप्तर घेतलं आणि दार उघडलं. "तू मागून ये," म्हणाली. मी स्टुलावर बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, कारण हात मोकळे असते तर त्यांनी तिला उचललंच असतं. जिन्यात बूट वाजत होते, एक जड, एक हलका. "लेडीज!" आवाज आला. बऱ्याच वेळाने, "जेंट्स!" त्यानंतर बूट थांबले. पडली का? रडते आहे का? ऊठ गो बाय, मी हंयच आसंय, मी मनात म्हणत होते, नानांच्या भाषेत, जी मला धड बोलताही येत नाही. आणि मग अगदी खालून, शहा भाभींच्या दारातून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज आला, "कॅऽऽश!"

त्या दिवशी मी तिच्या मागून शाळेपर्यंत गेले, दहा पावलं अंतर ठेवून. परवाच्या रविवारी आम्ही गोराईला जाऊन आलो, रीटाच्या पायाचं माप घेऊन आलो. स्टूल अजून दाराशीच आहे. रोज सकाळी मी त्यावर बसते, मुक्ता वाकते, आणि शाळेला निघण्याआधी आम्ही दोनदा डोकं आपटतो.